आवडते स्टुडिओ अल्बम: एक गाणं काढलं तर शेजारचं लंगडतं का?

मंद्रसप्तक

आवडत्या गाण्यांवर भरपूर बोलून होतं, अख्ख्या अल्बमवर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. मैफलीची थेट मुद्रणं नकोत, निवडक गाण्यांचे संच नकोत. स्टुडिओत बसून, सलग ऐकायचा म्हणून केलेला अल्बम हवा. कोणता आवडतो आणि का, दोन्ही लिहा. नुसती नावं टाकून जाऊ नका, ही विनंती.

माझी एक कसोटी आहे. अल्बममधलं एक गाणं मनातल्या मनात काढून टाकायचं आणि बघायचं, शेजारचं गाणं लंगडायला लागतं का. लंगडलं तर तो खरा अल्बम. नाही लंगडलं तर गाणी कितीही चांगली असोत, ती एका डब्यातले प्रवासी आहेत, एका घरातली माणसं नाहीत.

सुरुवात माझ्यापासून. जोनी मिचेलचा 'ब्लू', १९७१. दहा गाणी, आणि वाद्यं इतकी कमी की प्रत्येकाचा श्वास ऐकू येतो: पियानो, गिटार, आणि मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं डल्सिमर. या अल्बमची एक हकीकत कळल्यापासून मी तो वेगळ्याच कानांनी ऐकते. अल्बम जवळजवळ पूर्ण झाला होता. ऐनवेळी तिने आधीपासून पडून असलेली दोन गाणी काढली आणि दोन नवी घातली, 'ऑल आय वाँट' आणि 'द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड'. आता ही दोन कुठे बसली आहेत बघा. एक अगदी पहिलं, दुसरं अगदी शेवटचं. म्हणजे आज आपण ज्या दारातून 'ब्लू'मध्ये शिरतो आणि ज्या दारातून बाहेर पडतो, ती दोन्ही दारं घर बांधून होत आल्यावर बसवलेली आहेत.

पहिल्या गाण्यात डल्सिमरचा ठेका धावत येतो. प्रवासाला निघालेल्या माणसाची घाई असते त्यात. शेवटच्यात पियानो बराच वेळ एकटाच चालतो आणि मग ती जवळ बसून सांगितल्यासारखी गाते. मधली आठ गाणी या दोन गाण्यांच्या मध्ये आल्यामुळेच प्रवास वाटतात. ही दोन नसती, तर 'रिव्हर' आणि 'अ केस ऑफ यू' तितकीच सुंदर असती, पण त्यांच्यापर्यंत आपण चालत आलो असं वाटलं नसतं.

बासरीवेडा

धागा आवडला. वाचनखूण म्हणून ठेवतोय.

माझा अल्बम सांगायला मला अजिबात विचार करावा लागत नाही: जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. पण कारण थोडं वेगळं आहे, सविस्तर लिहितो.

माझ्याकडे त्याची जुनी कॅसेट होती. मी बासरी वाजवतो, तेव्हा शिकत होतो, आणि रोज संध्याकाळी या कॅसेटसोबत वाजवायला बसायचो. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी माझ्या बासरीशी जुळायचीच नाहीत. थोडी वर. इतकी थोडी की दुसरी बासरी घेऊन भागेना, आणि फुंकेचा कोन बदलून सूर खेचून धरला तर दोन मिनिटांत ओठ दुखायला लागायचे. कॅसेट उलटली की मात्र 'ऑल ब्लूज' लख्ख जुळायचं! मला वाटायचं माझा टेपरेकॉर्डर बिघडलाय. पण टेपरेकॉर्डर बिघडला असेल तर दोन्ही बाजू बिघडायला हव्यात ना? कित्येक महिने मी माझ्याच कानावर शंका घेत होतो.

खरं कारण पुष्कळ नंतर वाचलं. अल्बम दोन दिवसांत मुद्रित झाला. २ मार्चला पहिल्या बाजूची तीन गाणी, २२ एप्रिलला दुसऱ्या बाजूची दोन. पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर मुद्रित केलेलं संगीत योग्य वेगाने वाजवलं की वर चढतं. सोबत चालणाऱ्या दुसऱ्या यंत्राची टेप बरोबर होती, पण ती वापरून दुरुस्त आवृत्ती निघायला १९९२ उजाडलं. तोवर जगभरच्या लोकांनी तीस-बत्तीस वर्षं ती तीन गाणी चढ्या सुरात ऐकली आणि त्यांच्यावर जीव टाकला.

दुरुस्त आवृत्ती पहिल्यांदा लावली तेव्हा मी बासरी हातात घेऊन बसलो होतो. 'सो व्हॉट'ची सुरुवात: पियानो आणि बास चाचपडल्यासारखे एकत्र येतात, मग बास प्रश्न विचारल्यासारखी ओळ वाजवतो आणि दोन सुरांचं उत्तर येतं. तो दोन सुरांचा 'सो व्हॉट' मी बासरीवर वाजवला आणि तो जुळला. डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

राहिला कसोटीचा प्रश्न. माइल्सने वादकांच्या हाती फारसं काही दिलं नव्हतं. 'सो व्हॉट'मध्ये तर एक स्वरसप्तक सोळा मात्रांसारखं ऐसपैस पसरायचं, मग अर्ध्या सुराने वर सरकायचं आणि परत खाली यायचं, एवढंच. आपल्याकडे रागात जसं ठराविक सुरांत घर करून राहायचं असतं, तसं. त्यामुळे पाचही गाण्यांत एकच हवा आहे. एक खिडकी बंद केली तर हवा कोंडेल.

सुई_आणि_तबकडी

बासरीवेडा, फार सुंदर लिहिलंत. एक छोटी दुरुस्ती सुचवतो: 'सो व्हॉट'मध्ये आठ-आठ मात्राखंडांचे चार भाग आहेत. पहिले दोन एका स्वरसप्तकावर, तिसरा अर्ध्या सुराने वर, चौथा परत मूळ जागी. तुम्ही सोळा म्हणालात ते पहिले दोन भाग मिळून बरोबर बसतं.

तुमचा अल्बम ज्या खोलीत मुद्रित झाला, त्याच खोलीतला दुसरा अल्बम माझा. न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरचा तो स्टुडिओ मुळात चर्च होता. उंच छत, लाकूड, आणि आवाजाला पसरायला भरपूर जागा. १९५५ साली तिथे २२ वर्षांचा पियानोवादक ग्लेन गूल्ड आला आणि बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' वाजवून गेला. साधारण ३८ मिनिटं. १९८१ साली, ४८ व्या वर्षी, तो त्याच स्टुडिओत परत आला आणि तीच रचना पुन्हा मुद्रित केली. या वेळी साधारण ५१ मिनिटं.

मी दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकतो. सुरुवातीचा 'आरिया', म्हणजे मूळ धून, तरुण गूल्ड जेमतेम दोन मिनिटांत संपवतो. म्हाताऱ्याला (म्हातारा नव्हता हो, पण ऐकताना वाटतो) तोच 'आरिया' वाजवायला तीन मिनिटं लागतात. एकेक सूर ठेवताना तो जणू त्या सुराचा निरोप घेतो. दोन्हींत तो वाजवताना गुणगुणतो, आणि ती गुणगुण पियानोच्या मागे ऐकू येते. मला आधी ती खटकायची. आता ती नसलेला बाख मला रिकामा वाटतो.

गूल्डने १९६४ नंतर मैफली पूर्ण सोडल्या होत्या. स्टुडिओ हीच त्याची बैठक. वेगवेगळ्या वेळी वाजवलेले टेक जोडून एक रचना घडवण्यात त्याला कमीपणा वाटत नसे, उलट तोच खरा मार्ग वाटे. दुसरा 'गोल्डबर्ग' १९८२ मध्ये बाहेर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूल्ड गेला.

आणि मंद्रसप्तक, तुमच्या कसोटीला तर ही रचनाच उत्तर आहे. 'आरिया', तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तोच 'आरिया', एकही सूर न बदलता. पण तीस रूपांमधून गेल्यावर तो तोच राहिलेला नसतो.

चौथा_ट्रॅक

कसोटी मला पटत नाही, स्पष्ट सांगतो.

मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' घ्या. १९८२. नऊ गाणी, त्यातली सात सुटी बाजारात आली आणि सातही अमेरिकेत पहिल्या दहात गेली. म्हणजे प्रत्येक गाणं स्वतःच्या पायावर उभं आहे. कुठलंही काढा, शेजारच्याला काहीही होत नाही. मग काय तो अल्बम नव्हे? मला तर उलट वाटतं, एकही गाणं दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेलं नसणं हेच मोठेपण. बऱ्याच 'सलग ऐकायच्या' अल्बममध्ये कच्ची गाणी 'संकल्पने'च्या नावाखाली खपून जातात.

सुई_आणि_तबकडी

शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. कच्च्या गाण्याला संकल्पनेचा टेकू देणारे अल्बम मीही भरपूर ऐकलेत.

पण 'थ्रिलर'चीच गोष्ट सांगतो. अल्बम पूर्ण झाला म्हणून सगळे ऐकायला बसले, आणि तो पुचाट वाजला. कारण साधं होतं: दोन्ही बाजूंवर जास्त मिनिटं कोंबली होती. तबकडीच्या एका बाजूवर जितकी जास्त मिनिटं, तितक्या खाचा अरुंद आणि जवळजवळ. मग आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि सगळ्यात आधी बळी जातो तो खर्ज आणि ढोलाचा ठोसा. 'थ्रिलर'मधून खर्ज गेला तर उरलं काय? मग निर्माता क्विन्सी जोन्स आणि मंडळी परत बसली, गाण्यांना कात्री लावली, एकेक गाणं नव्याने मिक्स केलं.

म्हणजे गाणी सुटी असली तरी ती एकमेकांच्या जागेवर जगत होती. एकाची मिनिटं कापली तेव्हा दुसऱ्याचा ढोल वाजला.

याच अल्बमचा ध्वनिमुद्रक ब्रूस स्विडियन सांगायचा की 'बिली जीन'चे त्याने ९१ मिक्स केले आणि शेवटी वापरला तो दुसरा. हे वाचल्यापासून मी ते गाणं ऐकताना सुरुवातीच्या ढोलाकडेच कान लावून बसतो. आवाज येण्याआधी नुसता ठेका चालतो ना, दोन मात्रांत ओळखू येतो की कुठलं गाणं आहे. बाकीचे ८९ मिक्स करून झाल्यावर दुसऱ्याकडे परत जायला मन मोठं लागतं.

रात्रपाळी

या धाग्यावर माझी वर्षानुवर्षांची एक खंत लिहून टाकतो.

मी रात्रपाळी करायचो तेव्हा पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' रोज रात्री ऐकायचो. मित्राने फायली दिल्या होत्या, प्लेअरमध्ये त्या इंग्रजी वर्णानुक्रमे लागायच्या. मला हे ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं अल्बम असाच आहे. 'एनी कलर यू लाइक'ने सुरू व्हायचा, मग 'ब्रेन डॅमेज', मग 'ब्रीद', मग 'इक्लिप्स'. हृदयाचे ठोके कुठेतरी मध्येच यायचे, 'ऑन द रन' संपल्यावर. आणि प्रत्येक फायलीनंतर एक छोटीशी खाच, आवाज कापल्यासारखी. तरीही मला तो अतोनात आवडायचा. तीन वर्षं.

एका सहकाऱ्याने त्याची सीडी दिली आणि पहिल्यांदा योग्य क्रमाने ऐकला. ठोक्यांनी सुरुवात. ठोके वाढत जातात, घड्याळं, नाण्यांचा आवाज, हसणं, किंकाळी, आणि त्या किंकाळीतून 'ब्रीद' असं उघडतं की खांदे आपोआप खाली येतात. 'ब्रेन डॅमेज' थेट 'इक्लिप्स'मध्ये ओततं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. आणि सगळं संपल्यावर परत ठोके. तेच ठोके! मी तीन वर्षं ते ऐकत होतो आणि मला ते एकदाही ऐकू आले नव्हते.

त्यामुळे मंद्रसप्तक, माझं उत्तर असं: गाणं काढायचीही गरज नाही. जागा बदलली तरी सगळं घर लंगडतं.

'द ग्रेट गिग इन द स्काय'बद्दल एवढंच लिहितो की त्यात क्लेअर टोरी एकही शब्द न गाता मृत्यूबद्दल सगळं गाऊन जाते. ती स्टुडिओत एकदा येऊन गेलेली गायिका होती. संगीतकार म्हणून तिचं नाव गाण्यावर लागायला २००५ साल यावं लागलं, तेही न्यायालयाची पायरी चढल्यावर. ते नाव तिथे आहे याचं मला दर वेळी समाधान वाटतं.

अंतरा

रात्रपाळी, वर्णानुक्रमाचा किस्सा वाचून गलबलून आलं.

क्रमाचा विषय निघालाच आहे तर 'ॲबी रोड'चं शेपूट सांगायलाच हवं. बीटल्स, १९६९. दुसऱ्या बाजूला छोट्या छोट्या गाण्यांची माळ आहे, एकातून दुसरं निघत जातं. 'हर मॅजेस्टी' हे २३ सेकंदांचं गाणं आधी त्या माळेच्या मधोमध होतं, 'मीन मिस्टर मस्टर्ड' आणि 'पॉलिथिन पॅम' यांच्यामध्ये. पॉल मकार्टनीला ते तिथे रुचलं नाही, काढून टाका म्हणाला. पण बीटल्सचं काहीही फेकायचं नाही असा नियम होता, म्हणून टेप सांभाळणाऱ्या मुलाने तो तुकडा उचलून रिळाच्या शेवटी, कोऱ्या टेपनंतर चिकटवला. पुढे ऐकताना सगळं संपलं असं वाटलं, शांतता पसरली, आणि अचानक हे गाणं वाजलं. पॉलला ते आवडलं आणि तसंच राहिलं.

आता हेडफोन लावून नीट ऐका. 'हर मॅजेस्टी' एका मोठ्या धाडकन सुराने सुरू होतं. तो सूर त्याचा नाहीच, तो 'मीन मिस्टर मस्टर्ड'चा शेवटचा सूर आहे, कापताना सोबत आला. आणि शेवटी गिटारचा शेवटचा सूर येतच नाही, कारण तो पुढच्या गाण्याच्या सुरुवातीखाली राहून गेला. म्हणजे मंद्रसप्तक, तुम्ही जे मनातल्या मनात करायला सांगताय ते इथे कात्रीने खरोखर झालंय, आणि जखम दोन्ही टोकांना ऐकू येते. मला त्या जखमेमुळेच हा अल्बम जवळचा वाटतो.

शांतता_हवी

थोडं वेगळं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का', १९८२. याला स्टुडिओ अल्बम म्हणायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, भाड्याच्या घरात, एकट्याने केलेलं मुद्रण. बँडला शिकवण्यासाठी म्हणून केलेला तो कच्चा खर्डा होता. नंतर पूर्ण बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून बघितली. जमली नाहीत. गाणी मोठी झाली आणि त्यांतली माणसं लहान झाली. शेवटी ती खिशात फिरवलेली कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर काढली.

ऐकताना खोली कळते. टेपची सळसळ आहे, आवाजावर हलका प्रतिध्वनी आहे, हार्मोनिका दूर कुठेतरी वाजल्यासारखी येते. मी हा अल्बम दिवे बंद करून ऐकते आणि मध्ये कुणी बोललं तर परत पहिल्यापासून लावते.

मंद्रसप्तक

शांतताताई, माझ्या मते नक्कीच स्टुडिओ अल्बम. श्रोत्यांसमोर वाजवलेला नाही, टेप हेच त्याचं एकमेव ठिकाण आहे. स्टुडिओत जाऊन जमलं नाही, हा तर त्याच्या बाजूचाच पुरावा.

बासरीवेडा, तुमच्यासाठी एक प्रश्न. 'कॉल ऑफ द व्हॅली'बद्दल काहीच का नाही लिहिलंत? बासरी वाजवणाऱ्याने?

बासरीवेडा

लिहिणारच होतो, वेगळा प्रतिसाद म्हणून राखून ठेवला होता.

१९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काबरांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. या धाग्यावर क्रमाची एवढी चर्चा चाललीय, पण आपल्या संगीतात क्रम ठरवायला वेगळी कल्पना लढवावी लागत नाही, रागाचं समयचक्र आहेच. अहिर भैरव पहाटेचा, म्हणून तो आधी. रात्रीचा देस सकाळी आणून ठेवलात तर खोऱ्यात सूर्य उलटा फिरेल. रात्रपाळींच्या वर्णानुक्रमाने हा अल्बम लागला, तर रागसंगीताची सवय नसलेल्यालाही काहीतरी चुकतंय हे कळेल असं मला मनापासून वाटतं.

आणि एक गोष्ट बासरीवाल्याच्या नजरेतून. इथे तीन वाद्यं आहेत आणि तिघांचे स्वभाव भिन्न. संतूरवर एकदा आघात केला की सूर विरायला लागतो, तो धरून ठेवता येत नाही. मींडही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, तशी काढता येत नाही. गिटारवर नळी सरकवून मींड काढता येते. बासरीवर श्वास पुरेल तितका सूर लांबवता येतो. संतूर थेंब टाकतं, गिटार त्या थेंबाला ओघळ देते, बासरी त्याचं पाणी करते. तिघांनीही आपल्या वाद्याला जे येत नाही ते दुसऱ्यावर सोपवलंय. सगळे तरुण होते तेव्हा, प्रत्येकाला आपली तयारी दाखवता आली असती. कुणीच दाखवली नाही.

अंतरा

+१ 'कॉल ऑफ द व्हॅली'ला.

मराठीतला एक टाकते: 'गारवा'. सौमित्रच्या आवाजातली कविता आणि लगेच मिलिंद इंगळेंचं गाणं, अशी गुंफण. गाणी सुटी कुठेही वाजतात, पण आधीची कविता नसली की मला ते गाणं अर्ध्यावरून सुरू झाल्यासारखं वाटतं. बोललेल्या आवाजातून गाणाऱ्या आवाजात जाताना मधे जो क्षण येतो, तिथेच पाऊस आहे.

चौथा_ट्रॅक

दोन दिवस वाचत होतो. वाद घातला होता, म्हणून काल रात्री प्रामाणिकपणे प्रयोग केला. 'थ्रिलर' लावला आणि 'बेबी बी माइन' वगळलं. सुटी न आलेल्या दोन गाण्यांपैकी ते एक, म्हणजे सगळ्यात कमी ऐकलेलं. मी स्वतः ते कायम पुढे सरकवायचो.

पहिलं गाणं संपता संपता तो सगळ्यांचा मिळून घोष चालू असतो, टाळ्या, ठेका, अंग हलत असतं. आणि त्यावर थेट 'द गर्ल इज माइन' आलं. पायरी चुकली की पाय जसा हवेत जातो, तसं झालं. परत लावलं, या वेळी 'बेबी बी माइन'सकट. ठेका चालूच राहतो पण त्याची धार उतरते, सूर मऊ होतात, आणि मग ते संथ गाणं येतं तेव्हा आपण तिथपर्यंत उतरलेलो असतो. इतकी वर्षं हे गाणं काय काम करत होतं, ते मला काल कळलं.

शेवटचं 'द लेडी इन माय लाइफ' काढूनही बघितलं. तिथे मात्र माझं मत कायम आहे, अल्बम आधीच्या गाण्यावर संपला तरी मला चालतो.

आज रात्री 'ब्लू' लावणार आहे. आधी मधली आठ, मग दहाही.